मिशीआडचे शब्द

पुनावळ्यात धर्माजीच्या आधी त्याची मिशी वळणावर दिसायची. बैलांच्या शिंगांना तेल लावून झालं की तेच तेलकट बोट तो तिच्यावरून फिरवी. तोंड त्या झाडीत कुठंतरी आत होतं.

लेक ठकू दोन वर्षांची झाली तरी हाकेला वळेना. त्याची बायको गवराबाई तिला पुण्याच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत दाखवून आली. आठवड्यानं तिथल्या शिक्षिका सुमनताई पिंपरी स्टेशनाहून पायी चालत स्वतःच घरी आल्या.

"हिला थोडं ऐकू येतं, अगदी जवळून," ठकूला मांडीवर घेत त्या म्हणाल्या. "कानाचं यंत्र मिळेल तेव्हा मिळेल, पण शब्द रुजायचं वय हेच. समोर बसून दिवसभर बोला हिच्याशी. उरलेलं ती तुमच्या ओठांवरून घेईल."

"बोलतोच की मी," धर्माजी म्हणाला.

ठकू टक लावून बघत होती.

"आता काय दिसलं असेल तिला?" सुमनताईंनी विचारलं.

गवराबाईनं पदर तोंडाला लावला. "मिशी हालली, दुसरं काय! लगीन झाल्यापास्नं मला बी तेवढंच दिसतंय."

ओसरीवर विडी ओढत बसलेला सोनबा, धर्माजीचा बाप, खदखदून हसला. मग एकदम गंभीर झाला. गावात मिशी उतरायची ती बाप गेल्यावरच. "मी जिता हाय तवर वस्तरा लावलास, तर याद राख!"

धर्माजी दोन्ही हातांनी मिशी वर धरून बोलू लागला. ठकू ओठ सोडून हातांकडंच बघून हसायची.

एका सकाळी गवराबाई लेकीला समोर धरून गात होती:

शब्द पेरीते वाफ्यात, शब्दाला घालीते पाणी
उगवून येऊ दे माझ्या ठकूची वाणी

आईच्या ओठांमागोमाग ठकूचे ओठ हलत होते, वासरू आचळ शोधतं तसे. धर्माजी पुढं झाला. "ठके, मी तुझा बा." तिनं मिशीकडं पाहिलं आणि तोंड आईकडं फिरवलं.

तो तडक बन्सी न्हाव्यापुढं जाऊन बसला.

"राव, म्हातारा कवा गेला?" बन्सीनं वस्तरा खाली ठेवला.

"गेला न्हाई. तू उतरव."

दुःखानं माणूस असं बोलतो, असं बन्सीला वाटलं. धर्माजी नदीवर तोंड धुऊन घरी येईतो बन्सीनं गाव गोळा केलं होतं. दारात शेजारची गोजाबाई ऊर बडवत होती, "सोनबामामा, आमाला सोडून कुठं गेलात वो!"

मागून सोनबा तांब्या घेऊन आला. "परसाकडं गेल्तो. त्ये बी तुला सांगून जायाचं का, गोजे?"

गोजाबाईचा हात उरावरच राहिला. तेवढ्यात सोनबाला लेकाचं तासलेलं तोंड दिसलं. तांब्या आपटून त्यानं काठी उगारली. "म्या मेलो का रं?"

धर्माजी तसाच ठकूपुढं बसला. ह्या परक्या तोंडाला ती आधी भ्याली. मग गवराबाईला चिकटूनच तिनं हात लांबवला आणि त्याच्या पांढुरक्या, ऊन न लागलेल्या ओठावर बोट ठेवलं.

"बा," तो म्हणाला.

ठकूनं ओठ घट्ट मिटले, गाल फुगवले. "ब्बा!"

गवराबाईचे डोळे भरले. सोनबाची काठी हळूहळू खाली आली. तो नातीकडं बघत राहिला, बघता बघता स्वतःच्या पांढऱ्या मिशीवरून हात फिरवू लागला.

"बन्सी," तो खाकरला, "वस्तरा अजून ओला हाय का रं?"