मुलाखतीत पास झालेला बूट

मी बूट बोलतोय. डावा. उजवा माझ्या शेजारीच पडलाय, पण तो तोंड उघडत नाही, त्याला झाल्या गोष्टीची लाज वाटते. मला लाज वाटत नाही. मला राग येतो, आणि तो आज तुमच्यासमोर काढणार आहे.

माझा जन्म कानपूरचा. म्हशीचं जाड कातडं, तळाला लोखंडी खिळे, टाचेला नाल. आम्हाला शिवलं लढाईसाठी, पण आम्ही तयार होईपर्यंत लढाईच आटोपली. मग नागपूरला जुन्या लष्करी मालाच्या ढिगातून मुखरू नावाच्या नाकेदाराने आमची जोडी उचलली. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा राखणदार. मुखरूचा नाका एटापल्लीच्या पुढे, नदीपलीकडच्या माडिया आदिवासींच्या एका गावाजवळ होता.

राखणदार म्हटलं खरं, पण तो राखायचा काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. बाई मोळी घेऊन निघाली की लाथ. मोहफुलांची टोपली दिसली की लाथ. लाथ उजवा मारायचा, पण त्या वेळी मुखरूचा सगळा भार माझ्यावर असायचा. तोल मी सांभाळायचो. त्यामुळे उजव्याकडे बोट दाखवून मी मोकळा होत नाही.

एकदा ती टोपली बुधरीची होती. नवरा गेलेली बाई, इसरू नावाचा एकच मुलगा. पहाटेपासून वेचलेली फुलं वाटभर सांडली. मायलेक खाली बसून ती एकेक करून पुन्हा वेचू लागले, आणि मुखरू वर उभा राहून विडी ओढत होता.

पुढे मुखरूला नवे बूट मिळाले. आम्हाला त्याने गावात टाकलं आणि बदल्यात कुणाच्या तरी अंगणातलं बकरू सोडून नेलं. "सौदा झाला," म्हणाला. गावाला कुणी विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी, १९५४ साली, मुखरूची बदली झाली आणि नाकेदारांची भरती निघाली. गाव विचाराला बसलं. ही माणसं आपसात माडियात बोलतात. मला ती बोली हळूहळू समजायला लागली होती. तुम्हाला कळावं म्हणून मी तिकडच्या मराठीत सांगतो.

"आता नाकेदार आपल्यातलाच पायजे," गावातले वडीलधारे वारलूभाऊ म्हणाले. "नाईतर दुसरा मुखरू येते. बायका जंगलात जाणं सोडतीन, मंग खाचं काय?"

वाचता येणारा गावात एकटा इसरू. जिल्ह्याच्या गावी, चांद्याला, चार वर्षं शाळेत राहून आलेला. त्यालाच पाठवायचं ठरलं. सोबत त्याचा मित्र चैतू, तोही उमेदवार, दोघांतला एक तरी लागावा म्हणून. पण जंगलखात्याच्या ऑफिसची अट होती: उमेदवाराने पायात बूट घालून यावं. वाघाच्या मागावर जन्मभर अनवाणी फिरलेल्या माणसांना ही अट. आणि गावात बूट एकच जोडी, आम्ही.

त्याला तोड त्यांच्याकडे होती. मुलाखत एकेकाची व्हायची. आधी इसरूने आम्हाला घालून जायचं, मागच्या दाराने बाहेर यायचं, मग चैतूने घालून जायचं. गावातली नांगर-कुऱ्हाड अशीच घरोघर फिरते, तर बूट काऊन नाही?

दोन दिवस ते चालले. आम्ही काठीला लटकत गेलो. घालून चालायचा सराव इसरूने आधी केला होता, त्यात त्याच्या टाचा सोलून निघाल्या होत्या. चैतूला मात्र मी बरोबर बसायचो. म्हणून ऑफिसच्या आवारात पोचल्यावर इसरू म्हणाला, "माहा नंबर येतवर तूच घालून राह्य. माह्या टाचेले जरा हवा लागू दे." चैतूने पाय आत घातले.

आणि तेवढ्यात चपराशी ओरडला, "सगळ्यायले एकदमच बलावलं हाये. चला, आत चला."

नवीन साहेब आला होता. नऊ उमेदवार एकत्र उभे करायचे, प्रश्न सगळ्यांना टाकायचा, कोण कसा बोलतो ते पाहायचं, अशी त्याची नवी रीत. दारात चपराशाने इसरूला अडवलं. "बूट कुठी हायेत तुह्ये?"

इसरूला खोटं सुचलं नाही. "याच्या पायात हायेत," तो म्हणाला.

चपराशाला हसू आलं, त्या हसण्यातच इसरू आत शिरला आणि चैतूच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. पुढच्या रांगेत ब्रह्मपुरी, मूल, चांदा इथली मुलं, सगळी बूटवाली. साहेबाने मान वर केली, पण नजर आमच्यावर. रांगेतून आठ जोड्या पाहत गेला. आठ चेहरे होते, त्यांच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मग कागदात डोकं घालून त्याने विचारलं, "जंगलाला आग लागली. काय कराल?"

एकाने साहेबांना कळवीन सांगितलं, दुसऱ्याने तार करीन सांगितलं, तिसरा तर आगीत उडीच घेणार होता. एकमेकांना मागे ढकलून बोलायची नुसती चढाओढ. साहेब लिहीत राहिला. मग मागून इसरूचा आवाज आला, शांत.

"वारा कुठून येऊन राह्यला ते आधी पाहाचं. वारा जिकडं आग नेते तिकडं नाला नाईतर पायवाट पकडाची. तेथचा पाला झाडून पट्टा साफ कराचा, आन त्या पट्ट्यावरून आगीकडं उलटी आग सोडाची. माणसं हिरव्या फांद्या घेऊन पट्ट्यावर उभी. एकट्याचं काम नाई हे, आधी गाव बलावाचं."

साहेबाची लेखणी थांबली. त्याने आवाजाच्या दिशेला पाहिलं. तिथे मी होतो.

"शाबास. नाव काय तुझं?"

नाव विचारलं म्हणून चैतूने सांगितलं, "चैतू. पण साहेब, मी नाई बोललो. हा मांगचा बोलला."

साहेबाने चैतूच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं, अनवाणी पाय दिसले, नजर परत आली. "बरोबरच्याला पुढे करतोस. चांगला गुण आहे," म्हणत त्याने तेही चैतूच्या नावापुढे लिहिलं.

दुसरा प्रश्न चोरून तोडलेल्या सागवानाचा. झाड तोडून किती दिवस झाले, कसं ओळखाल? पुन्हा मागून इसरूच. थुटाचा, म्हणजे उरलेल्या बुंध्याचा, रंग पाहायचा, फुटवे आले का पाहायचे, पडलेला पाला हातात चुरून बघायचा. पुन्हा साहेबाने माझ्याकडे पाहून मान डोलावली. मी तळापासून तापलो होतो. अरे, मला काय कळतं आगीतलं? मी मेलेलं कातडं. ज्याला कळतं तो तुझ्यापासून सहा हातांवर उभा आहे. मान थोडी वर कर.

केली नाही. निवड झाली चैतूची. खरं सांगायचं तर माझी.

बाहेर येऊन चैतू पळसाखाली बसला आणि त्याने आम्हाला पायातून काढलं. "घाल," तो इसरूला म्हणाला.

"कागदावर नाव तुह्यं हाये."

"मंग नाव बी घे. मले वाचता येत नाई, मी काय करू नाकेदार होऊन? गावानं तुले पाठवलं."

इसरू त्याच्या शेजारी बसला. मग त्याने टाचांना पळसाची पानं गुंडाळली आणि पाय आत सारले. सोमवारी तो हजर झाला. साहेबाने आम्हाला ओळखलं. "चैतू?" त्याने विचारलं. "जी," इसरू म्हणाला.

गावाचं काम झालं, हे मी नाकारत नाही. इसरू त्याच नाक्यावर आला. बायका मोळ्या घेऊन ताठ मानेने जाऊ लागल्या. आमच्या जोडीची लाथ कुणाला बसली नाही. अशी दोन वर्षं गेली. पण सरकारदरबारी इसरू नावाचा माणूस उरला नव्हता. कागदावर होता तो चैतू, आणि त्याची आई मंगली, मयत. चैतूची आई तो लहान असतानाच गेली होती.

मग एका दुपारी तोच साहेब नाका तपासायला आला. बुधरी दारात बसून मुलाच्या भाकरीसाठी पीठ चाळत होती. साहेबाने वहीत पाहिलं. "चैतू, तुझी आई वारलेली आहे ना? मग ही कोण?"

इसरू एक पाऊल पुढे आला. खरं सांगावं तर नोकरी जाते, आणि नाक्यावर दुसरा मुखरू येतो. त्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बुधरी उठली.

"मी कोनी नाई, साहेब," ती म्हणाली. "पानी भराले येतो."

साहेबाने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. बुधरी घागर उचलून नदीकडे निघाली. घागर भरलेली होती. इसरू तिच्याकडे पाहत उभा राहिला, आणि मी त्याला घट्ट धरून उभा होतो. मला दुसरं काही करता येत नाही.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. इसरूला खात्याचे नवे बूट मिळालेत. माझा तळ सुटलाय, खिळे गंजलेत, आम्ही नाक्याच्या मागे कुंपणाला पडून आहोत. गावातली पोरं मला घ्यायला येतात, पुढच्या भरतीला लागतील म्हणून. मी त्यांच्या पायात जाणार नाही. माझं एवढंच मागणं आहे. एकदा, सरकारी आवारात, साहेबासमोर, बुधरीला तिच्या पोराला इसरू म्हणून हाक मारू द्या. ती हाक ऐकली की मला खुशाल चुलीत घाला.