गारठलेली समिती

बाहेर उन्हाने डांबर वितळत होतं आणि आत देशाचा हवामान आराखडा लिहिणारी समिती कुडकुडत बसली होती. मसुदा लिहिणाऱ्या बाईंनी तर स्वेटरवर शाल गुंडाळली होती. ‘विजेचा वापर निम्म्यावर आणावा’ हे वाक्य टाइप करताना त्यांची बोटं आखडली आणि त्यांचं डोकंच फिरलं.

“हा एसी बंद केला तर कुणाचं काही बिघडेल का हो?”

जंगलखात्याचे अण्णा मफलरमधून पुटपुटले, “माझी ना नाही. मला वाटायचं, अध्यक्षांना उकडतं.”

“मला?” अध्यक्षांनी कोटाच्या आतून गरम पाण्याची पिशवी काढून टेबलावर आपटली. “अहो, तुमच्या सगळ्यांच्या भिडेखातर सोसतोय मी!”

“मग हा थाट चाललाय तरी कुणासाठी?” बाई कडाडल्या.

सगळ्यांच्या माना टेबलाच्या टोकाकडे, अर्थखात्याच्या साहेबांच्या खुर्चीकडे वळल्या. साहेबांना गारच लागतं, असं पहिल्या बैठकीआधी कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून एसीच्या बटणाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

बाई तरातरा उठल्या आणि त्यांनी बटणावर बोट ठेवलं.

“अहो, निदान साहेबांना विचारा तरी!” अण्णा चाचरले.

“विचारते की,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. “पण आधी त्यांना एखाद्या बैठकीला येऊ तर द्या!”