उंचीची गोळी

आमच्या गिरणीत कुणी हळू बोलत नाही. बोलून उपयोगच नाही. मोटार चालू झाली की वरचे पत्रे थरथरतात आणि शेजारच्याला "जरा सरका" म्हणायचं तरी ओरडून म्हणावं लागतं. लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझा आवाज चारचौघींसारखा होता. आता मी फोनवर बोलले की संपत, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, "फोन ठिव, तसंच ऐकू येतंय." तो रांजणगावला कंपनीत असतो. तिथवर ऐकू येतं म्हणे.

गिरणी सासऱ्यांनी बसवली, पण चालवते मी. गेल्या दिवाळीनंतर माझी बारा वर्षांची हर्षदा या गिरणीच्या दारातल्या पोत्यावर दिवसभर बसून राहायला लागली. शाळेत तिच्यानं जाववेना. सकाळी दप्तर भरायची, वेणी घालायची, आणि अंगणाच्या फाटकापाशी गेली की पोटात कळ, मग उलटी, मग रडणं. कारण एकच. ती शाळेत असताना माझा पदर गिरणीच्या पट्ट्यात अडकेल आणि मी मरेन.

आता पट्ट्याला जाळी आहे. संपतनं स्वतः वेल्डिंग करून बसवलेली. त्यातून उंदीर जात नाही, तर पदर कुठून जातोय? हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल. शेवटी वैतागून साडी सोडली आणि पंजाबी ड्रेस घालायला लागले. तर तिला ओढणीची भीती वाटायला लागली. ओढणी सोडली, तर वेणीची. वेणीचा अंबाडा घालून वर रुमाल बांधला, तर म्हणाली, बाही. मला रागही यायचा आणि रडूही यायचं, आणि दोन्ही गिळून मी बाह्या दुमडायची.

दर बुधवारी शिरूरला पुण्याहून मनाच्या डॉक्टर मॅडम येतात. त्यांच्याकडे तिला घेऊन गेले ती खरं तर भांडायच्या तयारीनं. मला वाटलं, आता ही बाई म्हणणार, आईचं लक्ष नाही. तर मॅडमनी हर्षदाशी निवांत गप्पा मारल्या, मग माझ्या डोक्यावरच्या रुमालाकडे बघून म्हणाल्या, "ताई, आता केस तेवढे कापू नका." मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी हसत सुटले, आणि हसता हसता तिथंच रडले.

त्यांनी समजावून सांगितलं. भीतीचं ऐकत गेलं की ती आणखी मागते. म्हणून दर आठवड्याला बोलायला यायचं, रोज घरापासून थोडं थोडं लांब जायचा सराव करायचा, आणि सोबत एक बारीकशी गोळी, सकाळी खाल्ल्यावर. सुरुवातीला मळमळेल, झोप बिघडेल, चिडचिड होईल. गुण यायला महिना लागेल, कदाचित जास्तच. या दिवसांत तिच्यावर नजर ठेवायची. फारच अस्वस्थ झाली, वेगळीच वागायला लागली किंवा मरणाबिरणाचं बोलायला लागली, तर बुधवारची वाट न बघता फोन करायचा. आणि गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही.

"एवढ्याशा पोरीला डोक्याची गोळी," संपत फोनवर म्हणाला. "आन् चार दिवसांत गुण न्हाई आला तर?"

"तर पाचव्या दिवशी बी द्यायची," मी म्हणाले. त्यानं फोन ठेवला.

माझ्या सासूबाई, साखरबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नातीवर जीव टाकतात, पण तोंडात तीळ भिजत नाही. मी त्यांना बजावलं होतं, ही गोष्ट हर्षदाची आहे, कुणाला सांगायची का नाही ते तिचं ती ठरवेल. त्यांनी गळ्याची शपथ घेतली. स्वतःच्या नाही, संपतच्या.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतल्या कुशाबाई दळण घेऊन आल्या. हर्षदा पोत्यावर बसून भाकरी खात होती आणि आत्या तिच्या हातावर गोळी ठेवत होत्या.

"कसली वं गोळी पोरीला?" कुशाबाईंनी विचारलं.

आत्यांचा चेहरा पांढरा पडला. म्हणजे पिठानं होताच, आणखी पडला. पोरीला कुणी येडी म्हणेल, उद्या सोयरीक जुळायची नाही, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्या म्हणाल्या, "उंचीची."

आता कुशाबाईंना दुसरं काहीही सांगितलं असतं तर चाललं असतं. रक्ताची, जंताची, डोळ्यांची. पण त्यांचा नातू सत्यजीत पोलीस भरतीची तयारी करतोय आणि उंचीत बोटभर कमी पडतोय. गेली दोन वर्षं तो सकाळ-संध्याकाळ लिंबाच्या फांदीला लोंबकळतो. फांदी वाकली, पोरगं काही वाढलं नाही.

"उंचीची गोळी मिळती?" कुशाबाईंनी दळणाचा डबा खाली ठेवला. मग हर्षदाला गिरणीच्या भिंतीला उभं केलं, डोक्यावर हात सपाट ठेवला आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. "आता बघू, किती गुण येतोय."

मी तोंड उघडलं आणि हर्षदानं माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते किती जड गेलं ते माझं मला माहीत. पण तिनं ठरवायचं, हे मीच म्हटलं होतं ना.

पहिला आठवडा मळमळीत गेला. ताकात कुस्करलेली भाकरी सोडून तिला काही जाईना. दुसऱ्या आठवड्यात ती चिडायला लागली. बसवेना, झोपवेना, आत्यांनी केसाला तेल लावायला घेतलं तर वाटी भिरकावली. कुशाबाई त्याच दिवशी मापायला आल्या. हर्षदा उभी राहायची ती खांदे कानाला लावून, हनुवटी छातीत घालून. कुशाबाईंनी हात ठेवला, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बया, ही तर कमीच झाली."

संपत म्हणाला, बंद करू. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी बारीकसारीक सगळं विचारलं. म्हणाल्या, फोन केलात ते चांगलं केलंत, गोळी चालू ठेवा, आणि मरायचं मनात येतं का हे तिला सरळ विचारा, विचारल्यानं काही होत नाही.

आता एक सांगायला हवं. घरात कुणी विचारलं तर हर्षदा एकच उत्तर द्यायची, "बरी हाय." मनातलं बोलायची ती फक्त गिरणी चालू असताना. माझ्या कानाला तोंड लावून, अगदी बेंबीच्या देठापासून ओरडून. त्या घरघरीत तिचं मला सोडून कुणाला ऐकू जात नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून मी भिमाआप्पांचा गहू पाळ्यात ओतला, मोटार लावली आणि तिच्या कानात ओरडून विचारलं.

तिनं माझ्या कानात ओरडून सांगितलं, "न्हाई गं! तू मरू नये म्हणून तर एवढं चाललंय! मी कशाला मरू?"

मी तिला घट्ट धरलं. दोघी पांढऱ्या झालो.

त्यानंतरही रोज विचारत राहिले, मोटार लावून. मग कधी, ते मला सांगता येणार नाही, पण जरा सैल पडायला लागलं. मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही रोज थोडं पुढं जायचो. आधी फाटक, मग मारुतीचं देऊळ, मग शाळेचं गेट, मग शाळेत एक तास, मी गेटबाहेर उभी. एके दिवशी ती तिथून परत पळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिला पहिल्यासारखी भूक लागायला लागली. आणि एका दुपारी मी बाजरी दळत असताना सहज मागं बघितलं, तर ती शेंगा खात पोत्यावर बसली होती, पट्ट्याकडे पाठ करून. गेल्या कित्येक महिन्यांत तिनं पट्ट्यावरची नजर काढली नव्हती. थोड्या वेळानं बघितलं तर पोत्याला टेकून झोपलेली. तोंड उघडं, हातात शेंग.

त्या आनंदात मी बाजरी भिमाआप्पांच्या गव्हाच्या पिठात सोडली. भिमाआप्पा अजून ऐकवतात. ऐकवू देत.

आणि त्याच आठवड्यात भरतीची तारीख लागली. कुशाबाई सत्यजीतला घेऊन गिरणीत हजर. दुपारची वेळ, दिवसा लाईट असायचा वार, दळणाची ही रांग. भिमाआप्पाही होते, आता ते पीठ चिमटीत घेऊन तपासल्याशिवाय नेत नाहीत.

"सुलक्षणा!" मोटारीच्या आवाजावर कुशाबाई ओरडल्या. "एक पाकीट दे त्या गोळ्यांचं!"

"काकी, फक्त भरतीपुरतं!" सत्यजीत ओरडला.

"ही गोळी कुणालाच मिळायची नाही!" मी ओरडले. "डॉक्टरनं तिच्यापुरती दिलीय!"

"व्हय की! सोताची पोर तेवढी वाढवा!" कुशाबाई म्हणाल्या. आत्या कोपऱ्यात चाळणी घेऊन उभ्या होत्या. काही चाळत नव्हत्या, नुसती हलवत होत्या.

हर्षदा उठली, माझ्याजवळ आली आणि कानाला तोंड लावून नेहमीसारखी ओरडायला लागली, "आई, सांग ना त्यास्नी! ती उंचीची न्हाई..."

आणि लाईट गेली.

मोटारीचा आवाज उतरत गेला आणि पोरीचा वर येत गेला. तिला कळेपर्यंत उशीर झाला होता. अख्ख्या रांगेनं ऐकलं.

"...ती भीतीची गोळी हाय! मला लय भीती वाटती, माझी आई पट्ट्यात जाईल म्हणून!"

गिरणीचे दगड थांबले. हर्षदाचा चेहरा लाल झाला. दार उघडं होतं आणि मी मनात म्हणत होते, आता पळेल, आता पुन्हा महिनाभर पोत्यावर. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहणार होते. तेवढ्यात तिनंच माझा हात धरून मला बाजूला केलं.

कुशाबाईंनी विचारलं, "म्हंजी, उंची वाढत न्हाई?"

"न्हाई, आज्जी," हर्षदा म्हणाली. मोटार बंद, तरी तिचा आवाज स्पष्ट होता. "भीती कमी होती. एकदम न्हाई. थोडी थोडी."

"साखरबाई," कुशाबाई वळल्या, "तुम्ही तर उंचीची म्हणाला."

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पोरीला कुणी नाव ठिवू नये म्हणून बोलले."

"नाव ठिवायला मी काय बारशाला आले व्हते? दळण आणलंय मी."

पहिले हसले भिमाआप्पा. मग रांगच हसायला लागली, आत्या रडता रडता हसल्या, आणि सत्यजीत बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मी फांदी सोडली व्हती, गोळी मिळणार म्हणून." त्यावर तर हर्षदा खाली बसली हसत. तिचं ते हसू मी दिवाळीनंतर ऐकलं नव्हतं, आणि मला ते एवढं गोड लागलं की लाईट येऊच नये असं वाटलं.

लाईट येईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. भिमाआप्पांनी सांगितलं की त्यांना अजून विहिरीत वाकून बघवत नाही. कुशाबाई हायवे एकट्यानं ओलांडत नाहीत, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मग त्या उठल्या. "आलेच हाय तर मापून जाते," म्हणाल्या आणि हर्षदाला भिंतीशी उभं केलं. हात सपाट ठेवला. वाकल्या. पुन्हा बघितलं.

"आगं बया. ही तर बोटभर वाढली."

सगळे भिंतीपाशी गोळा झाले. खरंच, पहिल्या रेघेच्या बोटभर वर. सत्यजीतनं रेघ बघितली, मग हर्षदाकडे नीट बघितलं. उंचीच्या बाबतीत गावात त्याच्याइतका अभ्यास कुणाचा नाही.

"वाढली न्हाई, आज्जी," तो म्हणाला. "तिनं मान वर केलीय."

मी पाळ्यावरचं पीठ झाडत राहिले.

"मग तू बी कर की," कुशाबाई नातवाला म्हणाल्या. "सदा फोनात तोंड." सत्यजीत भिंतीला ताठ उभा राहिला, तर तोही जरा वर निघाला. पुढं भरतीत काय होईल ते होईल, पण त्या दिवशी तो ताठ चालत घरी गेला.

गोळी अजून चालू आहे. किती दिवस, ते मॅडम ठरवतील. भीती अजून येते, पण आता ती आमच्या कुणाच्या कपड्यांना हात लावत नाही.

हे मी कशावरून म्हणते, तर परवाच्या सोमवारी सकाळी हर्षदानं खाल्लं, गोळी घेतली, दप्तर भरलं. पूर्ण दिवस शाळेत बसायचं होतं, मी गेटबाहेर नसणार होते. मी पंजाबी ड्रेस घालून, डोक्याला रुमाल बांधून गिरणीची किल्ली घेतली. तर ती कपाटापाशी गेली आणि माझी हिरवी सुती साडी घेऊन आली. घडीवर दिवाळीपासूनची धूळ होती. ती फुंकून तिनं साडी माझ्या हातात ठेवली.

"आई," ती म्हणाली, "मी शाळेत चाललीय. तू आज साडी नेस."