उजव्या हाताचा घास

हाडाचं मला कुणी शिकवू नये. माझ्या अंगावर शिकले मी ते. नऊ वर्षांची होते, ज्वारी हुरड्यात आल्ती, आन् मी माळ्यावर चढून गोफणीनं पाखरं हाकत होते. पाय निसटला, उजव्या कोपरावर आदळले. हात एवढा सुजला की बांगड्या वाढवाव्या लागल्या.

आबानं, म्हणजे माझ्या बापानं, मला छकड्यात घालून जालन्याला नेलं. बापाला मी तोंडावर अहोजाहो करते, मागं न्हाई. डॉक्टरनं भूल देऊन कोपर चिरलं, हाडाचे तुकडे तारेनं जुळवले आन् हात दुमडून पट्टीत ठेवला. निघताना बजावलं, की पट्टी सुटल्यावर हात आखडलेला दिसंल. तरी चोळायचा न्हाई, ओढायचा न्हाई, पोर खेळता खेळता आपोआप मोकळा करंल. आबानं राजूरच्या गणपतीची आण घेतली. मला म्हणला, "चतुरे, मी हाय. तुझ्या हाताला कुणी बोट लावनार न्हाई." मी बिलकुल बिनघोर झाले.

पट्टी सुटली. हात हळूहळू खुलून राह्यला होता, घास तोंडापर्यंत यायला लागल्ता. तेवढ्यात कुंभार पिंपळगावहून निरोप आला, पाव्हणे आठ दिवसांत पोरगी बघायला येनार. आमच्यात तवा लहानपणीच सोयरीक ठरायची, आन् पोरीला दोन्ही हात सरळ लांब करायला लावतात, खोड हाय का बघायला. आबानं जल्दी भुजंग मालिशवाल्याला बोलावलं.

भुजंग दारात दिसला तशी मी आबाच्या मागं दडले. बघा, कुणाच्या मागं दडले! त्यानंच मला मांडीत दाबून धरलं. भुजंगानं गरम तेल चोळलं आन् हात ओढला. रोज सकाळी, आठ दिवस. मी म्हणायचे, आबा सोडा, आन् आबा भिंतीकडं बघायचा.

कोपर पुन्हा सुजलं, आतून दगडावानी झालं. पाव्हणे गुळपाणी पिऊन गेले ते गेलेच. हात मधेच अडकला, ना सरळ होई ना तोंडाला लागे. पुन्हा जालन्याला गेलो. कुणी चोळलं, एवढंच डॉक्टरनं इचारलं.

"कुणी न्हाई," आबा म्हणला. "पोरगीच पुन्हा पडली."

डॉक्टरपुढं बापाला खोटं कसं पाडावं?

त्याला आता बावीस वर्षं झाली. लगीन झालं न्हाई. डाव्या हातानं जेवणारीला पंगतीत कोण बसवतं? मी चुलीपाशी एकटीच जेवते.

यंदा आबाला लकवा झाला. परवा भाऊ-भावजय जांबला देवाला गेल्ते. मी दुधात भाकर कुस्करली आन् डाव्या हातानं घास पुढं केला. आबानं तोंड फिरवलं. उजव्या हातानं दे म्हणला.

"तो तोंडाला पोचत न्हाई आबा. का, ते तुम्हाला ठावं हाय."

त्यानं भिंतीकडं बघितलं. "तू पुन्हा पडल्ती ना," म्हणला.

घरात आम्ही दोघंच. डॉक्टर न्हाई, पाव्हणे न्हाईत. मंग हे खोटं कुणासाठी?

जेवू घातलं मी त्याला, डाव्याच हातानं. बापाला उपाशी कसं ठेवायचं? पण त्या दिसापासून त्याला आबा म्हणून हाक मारली न्हाई.