शहलोचा नान

“अगं ओयदिन, नान करपतोय तुझा! साऱ्या गल्लीत वास सुटलाय!”

कुंपणापलीकडून सालोमतने हाक मारली तेव्हा ओयदिन तंदुरात वाकून बघत होती. बघत होती, असं आपलं म्हणायचं. आत निखाऱ्यांच्या जागी जर्दाळूची बाग फुलली होती आणि बागेतून तिची कधीची वारलेली आई ओढणी सावरत चालली होती. दचकून तिने नान ओढून काढला. काळा ठिक्कर! उभा जन्म समरकंदच्या या गल्लीत नान भाजण्यात गेलेल्या बाईच्या हातून!

स्वतः तिने आठवडाभर नानचा कणही तोंडात घातला नव्हता. तिची नात शहलो, सहा वर्षांची. पोरीला फिट यायच्या. औषधं थकली तेव्हा ताश्कंदच्या डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं. पीठ नाही, साखर नाही, खरबूजसुद्धा नाही. चरबी, साय, अंडी, मांस, तेही तोलून. पहिल्याच दिवशी पोर ताटापुढे रडली, “मी एकटीच का?”

“एकटी कशाला? मी आहे ना,” ओयदिन म्हणाली. रोजे पाळणाऱ्या बाईचा शब्द तो.

पण रोजाला संध्याकाळ असते. या पथ्याला ती नव्हती. अंगातलं बळ कुणी उपसून न्यावं तसं झालं. तुतीखालच्या बाजेवर टेकलं की उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायची. परातीतली कणीक ढगासारखी फुगायची आणि तिच्यावर बसून ओयदिन घुमटांवरून तरंगत जायची. शेजारी शहलो पेंगत असायची. थकवा येणार, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंच होतं. शरीर जुनं सरपण सोडून नवं जाळायला शिकतंय. पाणी द्या, मीठ घातलेला मटणाचा रस्सा द्या, पळापळ नको. दोघी एकेक वाडगा घेऊन बसायच्या.

“आजी, माझे पाय झोपलेत.”

“माझे तर घोरतायत. ऐक.”

शहलो खुदकन हसायची. आणि या आठवड्यात तिला एकही फिट आली नव्हती. हे मोठ्याने बोलायलाही ओयदिन भीत होती.

आज सून मुनिरा पोरीला तपासणीसाठी ताश्कंदला नेणार होती. गाडी दाराशी आली. घरातून निघणाऱ्याने नानचा घास तोडायचा आणि उरलेला नान तो परत येईपर्यंत भिंतीवर टांगून ठेवायचा, ही रीत. ओयदिनच्या भिंतीवर एक नान होताच, दगड झालेला. रशियात बांधकामावर गेलेल्या तिच्या मुलाचा.

डोकं धुक्यात होतं, हात सवयीने चालले. ओयदिनने नुकताच भाजलेला चांगला नान उचलला, बिस्मिल्ला म्हटलं आणि शहलोच्या ओठांशी धरला.

शहलोने तोंड घट्ट मिटलं. मग हळूच म्हणाली, “आजी, आपल्याला चालत नाही ना?”

ओयदिनने झटकन हात मागे घेतला.

“एका घासाने काय होतंय गं?” सालोमत दारातून करवादली. “बिनघासाची धाडलीस तर परतायची कशी पोर?”

मुनिराने डोळ्यांना ओढणी लावली. ओयदिनने डोळे मिटले. रोजात स्वयंपाक करताना बायका मीठ कसं बघतात? जिभेच्या टोकाला लावतात आणि थुंकून टाकतात. गिळत नाहीत, म्हणून रोजाही मोडत नाही.

“शहलो, नुसते दात रोव. तोडायचं नाही हं. मग चूळ भर.”

पोरीने दात रोवले. वासाने तिचे डोळे भरून आले, तरी तिने तोंड मागे घेतलं आणि खळखळून चूळ भरली.

“हा कसला घास?” सालोमत पुटपुटली.

“आमच्या घरचा,” ओयदिन म्हणाली.

गाडी गेली. ओयदिनने मुलाच्या नानशेजारी खिळा ठोकला. त्याच्या नानला घासाएवढी खाच होती. शहलोचा अख्खा होता. त्यावर इवल्या दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या. वरच्या ओळीत, जिथला दुधाचा दात परवाच पडला होता, तिथे नान तसाच फुगलेला राहिला होता.

ओयदिनने त्या फुगीवर बोट टेकवलं. अजून ऊब होती. मग तिने एकटीसाठी वाडग्यात रस्सा ओतला आणि चिमूटभर मीठ घातलं.