डुकरांच्या गोठ्यावर फुललो

मी सांगुमाय बोलतोय. दुसऱ्याच्या झाडावर राहणारा जांभळा, सुवासिक ऑर्किड. नाक मुरडू नका. झाडाचा रस मी पीत नाही, नुसता लोंबतो.

कॉन्सोर्सियाबाईंच्या नवऱ्याने मला डोंगरातून आणून नारळाच्या सोडणावर बांधलं. पुढे तो गेला, मी राहिलो. म्हणून बाईंचा माझ्यावर जीव. नव्या सुनेवर, मेर्लितावर, तेवढा नव्हता. ती बाईंना नानाय, म्हणजे आई, म्हणायची खरी, पण दोघी कामापुरतंच बोलायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे मनिलाला गेल्या. जाताना सुनेला बजावलं, "घर जळलं तरी चालेल, हा जगला पाहिजे!"

आणि नेमकी माझी पानं गळायला लागली. ती दरवर्षीच गळतात. फुलायच्या आधी मी कपडे उतरवतो. पण पोरीला ते कोण सांगणार? तिने ऊठसूट पाणी ओतलं, तांदळाचं धुवण पाजलं, बाळ येशूसमोर मेणबत्तीही लावली. बाळ येशू ढिम्म आणि मी पार नागडा.

शेवटी नजरेआड करायला तिने मला डुकरांच्या गोठ्याच्या वळचणीला टांगलं आणि पुन्हा तिकडे फिरकली नाही. डुकरांना तिचा नवरा बघायचा; त्याला डुकरांपलीकडे काही दिसत नसे. मला मात्र ऊन मिळालं, वारा मिळाला, त्या पाण्यापासून सुटका झाली. उघड्या काड्यांवर पेरापेराला कळ्या धरल्या.

बाई परतल्या तेव्हा एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. "कुठाय तो?" मेर्लिताच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र नाक वर करून, भिंत चाचपत निघाल्या त्या थेट डुकरांपाशी.

"माझा सांगुमाय डुकरांत?"

"नानाय, मला वाटलं तो मेला. तुम्ही मला हाकलाल म्हणून..."

"मेलेल्याला असा वास येतो होय? वर बघ, बये!"

मेर्लिताने मान वर केली आणि रडायचंच विसरली.

बाईंनी डुकरांच्या डोणीवरच बैठक मारली. "मला दिसत नाहीये. तू सांग. रंग कसाय?"

"जांभळा."

"कसला जांभळा? वांग्याचा की बिशपच्या टोपीचा?"

"टोपीचा. पण बिशपपेक्षा देखणा."

बाई इतक्या हसल्या की पट्टी सुटायला आली. मग एकेका फुलाचं वर्णन करून घेतलं. डुकरं उपाशी ओरडत राहिली.

आता बाईंना लख्ख दिसतं, तरी मी फुललो की त्या डोळे मिटून म्हणतात, "हं, सांग." मला इथून हलवू नका. पानं गळाली की पाणी आवरा, शेजारी बसा, गप्पा मारा. वासाचं मी बघतो. डुकरांचं तुम्ही बघा.