दुधीवर आली भामटी

उत्तनजवळच्या डोंगरीच्या हौसाबाईच्या घरात एक मांजर होतं, पण ते आपलं आहे असं हौसाबाईने कधी कबूल केलं नव्हतं. भगव्या अंगाची, अर्धा कान तुटलेली, शेपटीला मधेच गाठ पडलेली ही बया तीन वर्षांपूर्वी कुठूनशी आली, सुकत टाकलेल्या बोंबलांवर तिने डल्ला मारला आणि तिथेच मुक्काम ठोकला. हौसाबाईने तिचं नाव ठेवलं भामटी. लाडाने नव्हे, चांगलं चिडून. पण चोराचं बारसं कुणी करतं का? तिथेच काय ते समजायचं.

कान अर्धा होता, पण त्या अर्ध्या कानाचं कौतुक अख्ख्या आळीला होतं. हौसाबाईची मासळी कापायची एक खोड होती. तीन घाव घालायचे, मग कोयता उलटा करून त्याच्या पाठीने पाटावर दोन ठोके द्यायचे, म्हणजे चिकटलेले खवले गळून पडतात. ही खोड तिच्या सासूची, तिच्या हातात उतरलेली. ते दोन ठोके पडले की भामटी तीन घरं पलीकडच्या कौलांवर झोपलेली असो नाहीतर गटारापाशी भांडत असो, हजर. बांगड्याला चालत यायची, पापलेटाला धावत.

हौसाबाईचा नवरा बाळाराम गुडघ्याने दगा दिल्यापासून बोटीवर जात नव्हता. घरी बसून त्याला दोनच उद्योग होते, गुडघ्याला तेल लावणं आणि बायकोची फिरकी घेणं. तो म्हणायचा, "तुझी न्हाय गो ती, पापलेटाची हाय. उद्या मासली सोडून भेंडी इकायला बस, मग बग वळख तरी दावते का."

"माझी हाय म्हून बोललंय कोन?" हौसाबाई फणकारायची.

वरून असं म्हणायची, पण आतून तिला ते झोंबायचं. मुलगा वसईला राहायचा. फोन केला की आधी विचारायचा, "आये, सुरमई हाय काय?" सून, नाती, व्याही, सगळे तिच्याकडे यायचे ते टोपात काय शिजतंय ते हुंगत. आयुष्यभर जे कुणी तिच्याकडे धावत आलं ते मासळीसाठी आलं, असं तिला अलीकडे वाटायला लागलं होतं. मग मांजराने तरी वेगळं का वागावं?

ह्या संक्रांतीच्या आसपास भामटी व्याली. चार पिल्लं झाली, चुलीमागच्या गोणपाटावर. डोळे मिटलेली, बोटाएवढी. हौसाबाईने तोंड वाकडं केलं आणि स्वतःचं जुनं लुगडं फाडून खाली घातलं.

चौथ्या दिवशी घोळ झाला.

पहाटे साडेपाचला टेम्पो यायचा. गावातल्या चार-पाच बायका आपापले मासळीचे टब त्यात चढवायच्या आणि मीरा रोडला वाटेवाटेवर उतरायच्या. त्या दिवशी टब चढवले बाळारामने, वर ताडपत्री ओढली ती पण त्यानेच, आणि अंधारात आत डोकावून बघायचं काही त्याला सुचलं नाही. सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर हौसाबाई उतरली, ताडपत्री उचलली, आणि टबाआडून एक भगवी रेघ तिच्या खांद्यावरून उडाली. गाठ पडलेली शेपटी तेवढी दिसली. रस्ता ओलांडून ती शेपटी समोरच्या गुलाबी सोसायटीच्या फाटकाखालून आत गेली.

भामटीच होती ती. बाळंतपणाची भूक भारी असते, मासळीच्या वासाने चढली असणार मेली टेम्पोत. पण पिल्लं? गेल्या साली शेजारची मांजर गाडीखाली गेली तेव्हा तिच्या पिल्लांना हौसाबाईनेच कापसाच्या वातीने गाईचं दूध पाजलं होतं. पोटं फुगून दोन दिवसांत सगळी गेली. आईशिवाय ही जगत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात बाळारामचा फोन आला. "अगो, मांजर कंय हाय? पोरं वरडतात."

"हितं हाय. तुझ्या ताडपत्रीखालून आलीय," हौसाबाई म्हणाली.

आता पंचाईत अशी की त्या गुलाबी सोसायटीचं आणि हौसाबाईचं तीन वर्षांचं वैर होतं. सोसायटीत सगळी शाकाहारी मंडळी. चेअरमन हंसाबेन, बारीक अंगाची, कडक इस्त्रीची बाई. हौसाबाई पूर्वी फाटकाला लागून बसायची, तिथे हंसाबेनने एके दिवशी बारा कुंड्या आणून ठेवल्या. तेव्हापासून हौसाबाई रस्त्याच्या पलीकडे बसायची आणि रोज त्या कुंड्यांकडे बघून पहिला कोयता मारायची.

पण गरजवंताला अक्कल नसते. तिने टब सोपवला वैजयंताकडे. ही शेजारच्या बिल्डिंगमधली, तिची नेहमीची गिऱ्हाईक. मूळची परभणीची, नवरा सीताराम बँकेत शिपाई होता, आता रिटायर. वैजयंता रोज सकाळी नुसती गप्पांसाठी खाली उतरायची.

"मावशी, तुम्ही जा. मी बसते इथं," वैजयंता म्हणाली.

हौसाबाईने हात धुतले आणि फाटकातून आत गेली. मोकळ्या हाताने आलेल्या बाईला वॉचमन हरिश्चंद्रने अडवलं नाही. गाड्यांखाली वाकून बघितलं, मीटरच्या खोलीत बघितलं, पंपामागे बघितलं. "भामटे, ये बाय," करत तिने दोन फेऱ्या मारल्या. वरच्या गॅलरीतून एका बाईने खाली पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. भामटी कुठे म्हणून दिसेना. मांजर घाबरलं की दगड होतं. तिने जिवाच्या आकांताने हाका मारल्या तरी हू नाही की चू नाही.

नऊ वाजले, दहा वाजले. इकडे बर्फ वितळत होता, गिऱ्हाईकं येऊन परत जात होती. हौसाबाईला त्याचं काही नव्हतं. साडेदहाला पुन्हा फोन वाजला.

"तिघं वरडतात," बाळाराम म्हणाला. त्याचा आवाज असा कधी नसायचा. "येक गप झालाय. मी कानटोपीत घातलंय त्यांना, न टोपी बंडीच्या आत. तरी गप हाय तो."

हौसाबाई तिथेच कुंड्यांच्या कठड्यावर टेकली. तिला रडू यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं. एका मांजरासाठी रस्त्यावर रडतेय, ह्याची तिला त्या घडीला लाज वाटली नाही.

रस्ता ओलांडून वैजयंता आली. "मावशी, ती तुमच्या कोयत्याला येते ना? मग कोयताच वाजवा की."

"हितून वाजवून काय होतं? गाड्यांचे हॉर्न बगा. ती मागे टाकीच्या अंगाला गेली असंल. तितं बसाया पायजे."

म्हणजे मासळी, पाट आणि कोयता घेऊन सोसायटीच्या आत. हरिश्चंद्रने कानाला हात लावला आणि हंसाबेनला बोलावून आणलं.

हंसाबेनने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मच्छी अंदर नहीं आयेगी, मौसी. ये कोयता भी नहीं. रूल है. मैंने ही बनाया है, मैं कैसे तोडूं?"

हौसाबाईने वाद घातला नाही. एरवी तिने त्या बाईची सात पिढ्यांची खबर घेतली असती. तिने फक्त बाळारामला फोन लावला आणि वैजयंताकडे दिला. वैजयंताने स्पीकर चालू करून फोन हंसाबेनसमोर धरला.

बारीक, चिरका आवाज. एकामागून एक, थांबतच नव्हता. मधूनच बाळारामचं पुटपुटणं, "हो रं बाबा, येते रं आय तुझी."

हंसाबेन फोनकडे बघत राहिली. "कितने दिन के हैं?"

"चार."

हंसाबेन वळून लिफ्टकडे गेली. गेली ती गेली, असं वाटून हौसाबाई उठायला लागली, तोच ती परत आली. एका हातात पोळ्या लाटायचा जुना पोळपाट, दुसऱ्या हातात हातभर लांब दुधी. "ये काटो," ती म्हणाली. "कोयता हरिश्चंद्र देगा. झाड काटने का है, सोसायटी का."

हौसाबाईला हसावं की रडावं कळेना. कोयता परका, पाट परका, आणि मासळीच्या जागी दुधी. मासळीचा वास नाही, काही नाही. भेंडी इकायला बस, बाळाराम म्हणायचा. देवाने नेमकं ते ऐकलेलं दिसत होतं. येणार नाही, तिने मनाशी ठरवूनच टाकलं. पण दुसरा इलाज काय होता?

मागच्या अंगाला पाण्याची टाकी, तिच्याशेजारी गंजक्या सायकली. तिथे हौसाबाई पदर खोचून बसली, पोळपाट समोर घेतला आणि दुधीवर घाव घातला. ठक. दुधी कापायला ताकद लागत नाही, आवाज अगदीच मिळमिळीत आला. आणखी एक. आणखी एक. वैजयंता, हरिश्चंद्र, हंसाबेन श्वास रोखून उभे. कुणी येईना.

अर्धा दुधी संपला. हौसाबाईचे डोळे भरलेले, तिला समोरचं धड दिसत नव्हतं. हात आपोआप चालले होते, चाळीस वर्षांच्या सवयीने. तीन घाव पडले, आणि दुधीला खवले नसतात हे हाताला कुठलं कळायला? कोयता उलटा झाला आणि पोळपाटावर दोन ठोके पडले.

टाकीमागे काहीतरी खरवडलं.

हौसाबाईचा हात थांबला. मग तिने मुद्दाम पुन्हा तेच केलं. तीन घाव, दोन ठोके. सायकलीच्या चाकातून एक अर्धा कान वर आला. मग एक डोळा. मग सगळी भामटी अंग चोरत बाहेर आली, पोळपाटापाशी पोचली आणि दुधीच्या फोडीला नाक लावलं. तिने नाक आखडलं. आता ही वळणार आणि जाणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

भामटी वळली नाही. दुधी ओलांडून ती हौसाबाईच्या मांडीत शिरली आणि पदराखाली डोकं खुपसून बसली. तिचं सगळं अंग थरथरत होतं.

"बाय माझी," हौसाबाई म्हणाली. "माझी गो बाय." तीन वर्षं जे कबूल केलं नव्हतं ते चारचौघांत, दुधीच्या फोडींमध्ये बसून तिने कबूल केलं.

मग धांदल उडाली. हंसाबेनने भाजीची पिशवी दिली, त्यात भामटी गेली, फक्त डोकं बाहेर. कापलेला दुधी दुसऱ्या पिशवीत गेला, कारण अन्न टाकायचं नाही असं हंसाबेन म्हणाली. हरिश्चंद्रने रिक्षा थांबवली. वैजयंताने हौसाबाईला आत ढकललं. "मासळीची काळजी करू नका, मी विकते. परभणीची बाई पापलेट विकताना बघायला गर्दीच होईल." आणि खरंच ती पाटावर बसली, वर सीतारामला सुट्टे पैसे घेऊन खाली बोलावलं.

रिक्षा भाईंदरचा पूल उतरून उत्तनच्या रस्त्याला लागली तरी हौसाबाईच्या जिवात जीव नव्हता. तो गप झालेला तिच्या मनातून हलत नव्हता.

घरात बाळाराम दाराकडे तोंड करून बसला होता. बंडी फुगलेली, दोन्ही हात पोटावर, जणू त्यालाच दिवस गेले होते. त्याने जपून कानटोपी बाहेर काढली आणि लुगड्यावर ठेवली. भामटी पिशवीतून उडी मारून आली, टोपीत शिरली आणि एकेकाला चाटायला लागली. एक, दोन, तीन. चौथा तसाच पडून होता. तिने त्याला जिभेने उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्याने तोंड उघडून एक जांभई दिली आणि तो थेट दुधाला लागला.

"झोपला व्हता," बाळाराम म्हणाला. "उबेत झोपला व्हता गो तो." आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवून नाक पुसलं.

हौसाबाई त्याच्याशेजारी खाली बसली. दोघं त्या चौघांचं चुटूचुटू दूध पिणं ऐकत राहिली.

त्या दिवशी डोंगरीतल्या त्या घरात दुपारच्याला दुधीची भाजी झाली. बाळारामने ताटात बघितलं. "जरा कोलंबीचं सोडं टाकलं असतंस तर."

"न्हाय. आज न्हाय," हौसाबाई म्हणाली.

भामटी टोपीतून उठली, ताटांजवळ आली, दुधी हुंगून तिने पुन्हा नाक आखडलं. मग हौसाबाईच्या मांडीला पाठ लावून बसली. ताटात मासळीचा काटाही नव्हता. हौसाबाईने डाव्या हाताने तिच्या अर्ध्या कानामागे खाजवलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"भेंडी न्हाय भेटली," ती म्हणाली. "दुधीवर आली."

बाळाराम खाली मान घालून चावत राहिला. "भेंडीचं मी कवा बोललो?" तो शेवटी म्हणाला, आणि डोक्याला गार लागतंय म्हणून कानटोपी मागायला लागला. ती त्याला पुढचा महिनाभर मिळाली नाही.